जुनी मर्सिडीज घरी सांभाळताना



वस्त्यांवर फिरताना गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात, ताडपत्रीखाली एखादी जुनी मर्सिडीज उभी असलेली आता दिसू लागली आहे. 1995 साली पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात या कंपनीच्या ई-क्लास गाड्या जुळवायला सुरुवात झाली. कंपनीच्या भाषेत ती 124 मालिका. त्या काळी ती घेणे मोठ्या धनिकाचे काम होते. आज तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातची, नव्या लहान मोटारीपेक्षाही कमी पैशांत मिळून जाते. मुलांची हौस असते, हाती उसाचा हप्ता असतो, आणि व्यवहार होतो. पण गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरलेली नाही. ही गोष्ट पहिल्याच दुरुस्तीला कळते.

आम्ही वाहन विभागातली मंडळी. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांचा सूर बहुधा एकच असतो. "गाडी फिरलीच नाही हो, मग बिघडली कशी?" उत्तर असे की, ती फिरली नाही म्हणूनच बिघडली. ट्रॅक्टर आपण तासांवर मोजतो, गाडी किलोमीटरवर. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीला मात्र कॅलेंडर लावावे लागते. या गाडीचे लोखंड दणकट आहे, डिझेलचे पाच सिलिंडरचे इंजिन तर नीट ठेवले तर लाखो किलोमीटर चालते. वय होते ते रबराचे आणि तेला-पाण्याचे. ते बदलण्याचे बरेचसे काम घरी होण्यासारखे आहे. गाळप संपल्यावर कारखाना जसा खोलून दुरुस्त करतो, तसे बंद हंगामातले चार दिवस गाडीला द्यावेत.

सुरुवात ब्रेकपासून करा. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याकडेला बसतो. ब्रेक गेला तर तसे नाही.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. डॉट 4 जातीचे नवे ऑईल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तेच ऑईल 155 अंशांच्या पुढे भरवशाचे राहत नाही. कुंभार्ली घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळचे ऑईल तापते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल सरळ खाली जाते. गावात चालवताना याचा पत्ताही लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे, गाडी उभी असली तरी.

काम दोघांचे आहे. एक पेडलवर, एक चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल दाबले की निपल उघडायचा, आणि पेडल सोडण्याआधी तो घट्ट करायचा. हा क्रम चुकला तर हवा आत जाते. वरची कुपी रिकामी होऊ देऊ नये. डिझेलची एअर काढणाऱ्याला हे नवे नाही. पण एक फरक आहे. जुन्या गाडीत पेडल पार तळाला दाबू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी फिरलेच नाही तिथे गंज धरलेला असतो, त्यावर घासून सील फाटते. काल चांगला असलेला ब्रेक असा आज जातो. कुपीत चुकूनही इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिकचे ऑईल घालू नये, सगळी सील फुगून बसतात. पत्र्यावर सांडलेले ब्रेक ऑईल लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग जातो.

त्याच वेळी चाकांजवळच्या रबरी नळ्या पाहाव्यात. बाहेरून तडा दिसला तर बदलायचीच. आतून सुजलेली नळी बाहेरून चांगली दिसते, पण ऑईल परत येऊ देत नाही आणि ब्रेक धरून राहतो. ओळखायची खूण सोपी: दहा-बारा किलोमीटर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ जपून हात न्यावा. एकच चाक फार तापले असेल तर तिथली नळी किंवा कॅलिपर बघा. ब्रेकची भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

आता गाडी उचलण्याविषयी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, मग तो जॅक कितीही भारी असो. स्टँड लावावेत, खाली असणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यावेत. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचून त्यावर गाडी ठेवलेली आम्ही पाहिली आहे. ब्लॉक वाकत नाही, एकदम फुटतो.

पाण्याच्या बाजूचे काम सोपे. कूलंट जुना साधा असेल तर तीन वर्षांनी काढून टाकावा आणि नवा निम्मा कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी असा भरावा. विहिरीचे-बोअरचे क्षाराचे पाणी घालू नये. रेडिएटरची वरची नळी जिथे बसते ती मान प्लॅस्टिकची आहे, वयाने ती ठिसूळ होते आणि एक दिवस तुटते. नळी ओढून काढू नये, कापून काढावी. पंखा, पाण्याचा पंप, डायनॅमो यांच्या कामाला एकच लांब चपटा पट्टा आहे. त्याला आडव्या भेगा दिसल्या तर वाट पाहू नका, सोबत ताण देणारी पुलीही हाताने फिरवून बघा.

इंजिन ऑईल डिझेल गाडीला साधारण सात लिटर लागते. वर्षातून एकदा बदलायचेच. फिल्टर वरूनच निघतो, ही सोय करणाऱ्याचे कौतुक वाटते. सकाळी सुरू व्हायला त्रास देत असेल तर आधी पाच हीटर प्लग एकेक तपासावेत, पंपाला हात लावू नये.

वायरिंगकडे विशेष लक्ष असू द्या. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक गाड्यांच्या इंजिनाजवळच्या वायरींचे वेष्टण उष्णतेने भुसभुशीत होऊन गळते. वायर वाकवताना तुकडे पडले तर टेप गुंडाळून भागत नाही, तो जुडगाच बदलावा. आणि ऊसतोड झाली की फडातले उंदीर शेडाकडे वळतात. बॉनेटखाली पाचट किंवा कापूस दिसला तर सुरू करण्याआधी वायरी बघा.

पेट्रोलची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्याच मळीचे आणि रसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असते. आपल्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, पण 1995 च्या रबरी नळ्या त्या हिशेबाने बनवलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल पडून राहू देऊ नये. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी काढू नये.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार अंकी आकडा असतो, 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर नक्षीने नवा असला तरी काढावा.

काही कामे मात्र घरी नकोत. पुढच्या चाकाची स्प्रिंग खालच्या आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. ती योग्य हत्याराशिवाय सुटली तर माणूस दगावू शकतो. डिझेल पंपाचे टायमिंग, एसीचा गॅस आणि स्टिअरिंगवर एअरबॅग असेल तर ती, ही कामेही जाणकाराकडेच द्यावीत. सुटे भाग मागवताना "चौऱ्याण्णवची मर्सिडीज" एवढे सांगून भागत नाही. चॅसिस नंबर लिहून द्यावा, जुन्या भागावरचा नंबर पुसून वाचावा.

खर्च करण्याआधी आर.सी. बुक उघडून बघावे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. 1996 साली नोंदलेल्या गाडीची मुदत 2011, 2016, 2021 अशी येत 2026 ला संपते. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे. मागच्या मालकाने हे केले नसेल तर थकलेले पैसे कोणी भरायचे, ते व्यवहाराआधीच ठरवून घ्यावे.