आर्गपार्सवर सोपव, पण बूल सांभाळ

हे बघ, तुझी स्क्रिप्ट वाचली. जुन्या लॉग फायली शोधण्याचा भाग छान उतरलाय. पण कमांडवरचे पर्याय ओळखायला ते इफ-एल्सचं जंजाळ कशाला गं? पायथनमध्ये 2.7 आणि 3.2 पासून आर्गपार्स सोबतच येतं, वेगळं इन्स्टॉलही करावं लागत नाही. पार्सर बनव, एकेक पर्याय सांग, बाकीचं ते बघून घेतं. हेल्पचं पानही तेच तयार करतं. कुणी भलताच पर्याय दिला तर एक्झिट कोड 2 देऊन थांबतं, म्हणजे तुझी स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टमधून चालवली तरी गडबड लगेच कळते.

बदलायला घेशील तेव्हा एक जपायचं. 'डिलीट' पर्यायाला टाइप म्हणून बूल द्यायचा मोह होईल, बघ. अगदी साहजिक वाटतं ते. पण मग कुणी '--डिलीट फॉल्स' लिहिलं, तर आर्गपार्सच्या हाती पडते 'फॉल्स' ही नुसती अक्षरं, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनच्या लेखी ट्रू! बिचाऱ्याने नको म्हटलं आणि फायली गेल्या. ना एरर, ना इशारा. म्हणून तिथे अ‍ॅक्शन 'स्टोअर-ट्रू' ठेव. पर्याय लिहिला तर पुसायचं, नाही लिहिला तर नुसती यादी दाखवायची. हो आणि नाही दोन्ही उघड लिहायची सोय हवी असेल, तर 3.9 पासून बूलियन-ऑप्शनल-अ‍ॅक्शन आहे; '--नो-डिलीट' आपोआप मिळतं.

आर्गपार्सची आणखी एक खोड आहे. '--व्हर्ब' लिहिलं तरी '--व्हर्बोज' समजून चालतं. लोकांना अशी तोकडी रूपं लिहायची सवय लागते, आणि पुढे तू 'व्हर्ब'नेच सुरू होणारा नवा पर्याय घातलास की त्यांच्या जुन्या कमांडी अडतात. अलाउ-अ‍ॅब्रेव्ह आत्ताच फॉल्स करून टाक.

याच कामासाठीची क्लिक, टायपर ही पॅकेजं चांगलीच आहेत, पण एवढ्याशा स्क्रिप्टसाठी बाहेरचं पॅकेज मी तरी ओढणार नाही.

टेस्ट लिहिताना पार्स-आर्ग्जला स्वतःच यादी देता येते, दर वेळी टर्मिनल उघडायला नको. पहिली टेस्ट मात्र '--डिलीट' न देता काहीच पुसलं जात नाही, याची लिही. आणि हेल्पच्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह आलं तर ते दोनदा टाइप कर हं, नाहीतर ऐन '--हेल्प'लाच ट्रेसबॅक येईल.