शाळेच्या फाटकाचे कुलूप : निवड व बसवणी

शाळेच्या लोखंडी फाटकावरील कुलपाची कामे दोन. शाळा सुटल्यावर बाहेरच्यास आत येऊ न देणे हे पहिले. शाळा भरलेली असताना आतल्यांस तत्काळ बाहेर पडू देणे हे दुसरे. पहिल्याची काळजी सर्वच घेतात, दुसऱ्याचा विसर पडतो. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेस आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. यास्तव मुले आवारात असेतो फाटकास किल्लीचे कुलूप घालू नये. आतून हाताने सरकणारा अडसर पुरेसा आहे. मोठ्या मुलाचा हात पोचेल, परंतु पहिलीतील मूल एकटे रस्त्यावर जाणार नाही, इतक्या उंचीवर तो असावा.

साखळी व लोंबते कुलूप स्वस्त खरे. पण साखळी कापणे सोपे असते. त्यापेक्षा चौकटीस वेल्डिंगने जोडलेल्या लोखंडी पेटीत बसणारे कुलूप बरे. ते बसविताना शिक्षकांनी पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे :

(१) प्रथम बिजागऱ्या तपासाव्यात. फाटक झुकलेले असल्यास कुलपाचा दांडा खांबावरील खाचेसमोर येत नाही. झुकाव काढूनच माप घ्यावे.

(२) रिकामी पेटी आधी जोडावी व ती निवाल्यावर कुलूप आत बसवावे. वेल्डिंगच्या उष्णतेने कुलपातील स्प्रिंग निकामी होते.

(३) लोखंडावर जस्ताचा मुलामा असल्यास जोडाच्या जागी तो घासून काढावा. जळत्या जस्ताचा धूर अपायकारक असतो.

(४) कर्जत-खालापूरच्या मुसळधार पावसात पेटीत पाणी साचते. तळाशी लहान भोक ठेवावे आणि जोड खरवडून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा.

(५) गजांतून हात घालून बाहेरून अडसर काढता येऊ नये, म्हणून त्या जागी पत्रा जोडावा.

वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहिल्याने डोळ्यांस इजा होते. सबब हे काम सुटीच्या दिवशीच करवावे. मजुरी देण्यापूर्वी फाटक दहा वेळा उघडून लावून पाहावे.

किल्ल्या किमान दोन असाव्यात. एक मुख्याध्यापकांजवळ, दुसरी शाळेलगतच्या विश्वासू घरी. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. तशा रात्री गावाला शाळेच्या पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा लागल्यास, परगावी राहणाऱ्या शिक्षकाच्या खिशातील किल्ली काय कामाची?