गुरांचा रोग व गांवची वर्दी

गुरांच्या आरोग्याचा विषय निघाला म्हणजे आपली दृष्टि दवाखाना, डॉक्टर आणि लस यांजकडे जाते. तें योग्यच आहे. परंतु या तिहींच्या आधीं एक गोष्ट लागते, ती म्हणजे वेळेवर दिलेली वर्दी. महसूल खात्यांत कारकुनी करून गांवोगांवचे कागद पाहण्यांत माझें आयुष्य गेलें. त्या अनुभवावरून ही बाजू वाचकांपुढें मांडीत आहें.

पूर्वीं बुळकांडी आली कीं गोठेच्या गोठे ओस पडत. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं १८८९ सालीं पुणें येथें प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ सालीं मुक्तेश्वरास गेली. पुढें १९५४ सालीं देशभर बुळकांडीविरुद्ध टोचणीची मोहीम सुरू झाली. रोग पुष्कळ घटला, तरी कोठें कोठें तो दबा धरून राही. म्हणून अखेरच्या टप्प्यांत खेडोपाडीं फिरून आजारी जनावरांची विचारपूस करण्यावर भर देण्यांत आला. १९९५ नंतर हा रोग भारतांत आढळला नाहीं, व २०११ सालीं तो सर्व जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. लसीनें रोग हटला हें खरें. पण तो कोठें उरला आहे, हें गुरें पाळणाऱ्यांनींच सांगावें लागलें.

आपल्या खानदेशावर असा प्रसंग २०२२ सालीं आला. त्या वर्षींच्या लम्पी सांथीची महाराष्ट्रांतील पहिली नोंद ऑगस्ट महिन्यांत रावेर तालुक्यांतील चिनावल येथें झाली. या रोगांत ताप येतो, अंगावर गाठी उठतात, पाय सुजतात व दूध आटतें. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्या योगें तो पसरतो. माणसास तो होत नाहीं. गुरांस शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यांत आली व गुरांचे बाजार बंद झाले. मृत दुभत्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० व वासरास १६,००० अशी सरकारी मदत ठरली.

बाजार बंद झाल्यानें पुष्कळांची अडचण झाली. गुरें हीच शेतकऱ्याची शिल्लक. गरजेच्या वेळीं तीं विकतां न आल्यास तो काय करणार? परंतु एक आजारी बैल बाजारांत उभा राहिला तर रोग दहा गांवांस जातो. विकणाऱ्याचे चार पैसे वांचतात, आणि घेणाऱ्याची पेरणी बुडते.

यासाठीं २००९ च्या कायद्यानें मालकावर कर्तव्य घातलें आहे. संशय येतांच पुढीलप्रमाणें वागावें :

(१) जनावर लागलीच वेगळें बांधावें. त्याचें चारापाणीही वेगळें ठेवावें.

(२) तलाठी किंवा ग्रामपंचायतीस कळवावें, व दवाखान्यासही निरोप धाडावा.

(३) तें जनावर बाजारांत किंवा सामाईक चराईवर नेऊं नये.

(४) जनावर दगावल्यास उघड्यावर टाकूं नये. पंचनामा करवून खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें.

वर्दी दिल्यानें गोठ्याची बदनामी होते, ही समजूत सोडली पाहिजे. कागदावर न आलेल्या मृत्यूची भरपाई मिळत नाहीं, व शेजाऱ्याच्या गुरांस वेळेवर लसही मिळत नाहीं. जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंनीं पोळ्यास बैलांची पूजा करावीच. पण एरव्हीं रोज सकाळीं त्यांच्या अंगावरून एकदां हात फिरवावा, आणि गांठ लागली तर त्याच दिवशीं कळवावें.