रानटी यीस्टच्या भरवशावर टाकी सोडण्याआधी

नाशिकजवळच्या एका छोट्या वाइनरीत मी कामाला होतो, तेव्हा शिराझची एक अख्खी टाकी ओतून द्यावी लागली. बाहेरचं यीस्ट न घालता, द्राक्षांबरोबर आलेल्या रानटी यीस्टवरच रस आंबवायचा असं ठरलं होतं. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले. तरी रस झपाट्यानं फसफसू लागला म्हणून सगळे खूश होते. मग टाकीतून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा आला.

तो वास इथाइल अॅसिटेटचा. सालीवर मोठी वस्ती असते ती हान्सेनिआस्पोरासारख्या यीस्टची. वाइन शेवटास नेणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी निरोगी मण्यावर क्वचितच सापडतं. एरवी अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेलं की पहिली मंडळी मागे हटतात आणि सॅकरोमायसिस पुढे येतं. फुटलेल्या मण्यांत मात्र ती बेसुमार माजतात, जोडीला अॅसिटिक आम्ल करणारे जिवाणूही. ती आटोक्यात राहिली तर याच यीस्टमुळे वाइनला खोली येते. बर्गंडीतले कित्येक उत्पादक आजही त्यांच्यावरच विसंबतात. मलाही ती वाइन मनापासून आवडते, म्हणूनच हे सांगतोय.

काढणीच्या आठवडाभर आधी त्याच बागेतले निरोगी घड निवडा, चुरगाळा आणि तीन-चार बादल्यांत वेगवेगळे आंबवा. दह्याच्या विरजणासारखंच हे. फ्रेंच लोक याला ‘पिए द कूव’ म्हणतात. रोज वास घ्या. एखाद्या बादलीला जराही व्हिनेगरचा वास आला तर ती फेकून द्या. जोमात आंबणारी, स्वच्छ वासाची बादलीच टाकीत घाला. द्राक्षं चुरडतानाच लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड दिलं, तर सॅकरोमायसिस टिकतं आणि बाकीच्यांना आळा बसतो.

लाल वाइनचं तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. नाशिकला मार्चमधल्या दुपारी थंडाव्याची सोय नसेल, तर हा प्रयोग नकोच. पहिल्या यीस्टनं रसातला नायट्रोजन फस्त केलेला असतो, त्यामुळे पुढचं आंबणं मध्येच अडकू शकतं. तो मोजून घ्या, कमी असेल तर पूरक द्या. हायड्रोमीटरवरचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ लिहा. साखर शिल्लक असूनही तो दोन दिवस हलला नाही, तर तयार यीस्ट घाला, मन घट्ट करून. आणि पाऊस लागलेला माल असेल, तर सुरुवातच तयार यीस्टनं करा.