लाळेच्या अहवालावरून ताक तोडू नका

देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश लातूर-नांदेडच्या मातीतले. अशा दूधदुभत्याच्या मुलखातही आता 'तुम्हाला दूध पचणार नाही' असे निदान घरपोच येऊ लागले आहे. ऑनलाइन किट मागवायचे, नळीत लाळ भरून कुरिअरने पाठवायची आणि मोबाइलवर अहवालाची वाट पाहायची. रेणापूरच्या एका घरात असा अहवाल आला, तेव्हा त्याने पोटदुखीचे खरे कारण काही काळ झाकून टाकले.

हे घर प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या भावाचे. त्यांचा मुलगा नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहिला होता, जेवण मेसचे. पावसाळ्यात त्याला जुलाब लागले. ते थांबले, पण पोट ताळ्यावर येईना. पोट फुगायचे, गुडगुडायचे, दूध घेतले की लगेच धावावे लागायचे. कुणीतरी जनुकीय चाचणी सुचवली. अहवालात 'सीसी' अशी दोन अक्षरे आणि खाली ठळक 'लॅक्टोज असहिष्णुता'. झाले, दूध बंद, दही बंद, ताकही बंद. एकाच घरचे रक्त म्हणून धाकट्या बहिणीचा दुधाचा पेलाही गेला. मुलाचे पोट मात्र तसेच राहिले आणि वजन उतरत गेले. शेवटी एका डॉक्टरांनी शौचाची साधी तपासणी करायला लावली. त्यात जिआर्डिया सापडला. दूषित पाण्यातून पोटात जाणारा हा परजीवी आतड्याच्या अस्तराला इजा करतो. औषध झाले, काही आठवड्यांत पोट सुधारले. आज तो चहा घेतो, धपाट्याबरोबर दही खातो. रिकाम्या पोटी मोठा पेलाभर दूध घेतले तरच थोडे फुगल्यासारखे होते.

अहवालातली अक्षरे खरी होती. त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर बाळाच्या लहान आतड्यात भरपूर असते आणि बहुतेक माणसांत बालपणीच हळूहळू घटत जाते. काहींच्यात ते मोठेपणीही टिकते. ते कशामुळे, याचा धागा 2002 साली फिनलंडच्या संशोधकांना सापडला. लॅक्टेजच्या जनुकाजवळ, एमसीएम6 या शेजारच्या जनुकात, एका ठराविक जागी 'सी'ऐवजी 'टी' असेल तर विकर टिकते. आई-वडिलांपैकी एकाकडून आलेला एक 'टी'सुद्धा पुरतो. हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय उपखंडातले 2,284 नमुने तपासले गेले. युरोपातला तोच बदल इथेही आढळला, पण वायव्येकडून आग्नेयेकडे येताना त्याचे प्रमाण घटत जाते. म्हणजे आपल्याकडे 'सीसी' येणे हा आजार नाही, ती अगदी सर्वसामान्य गोष्ट आहे.

'सीसी' असलेल्या प्रत्येकाला दुधाचा त्रास होतो, असेही नाही. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेच्या माहितीवरून 2022 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात विकर टिकणारे आणि न टिकणारे यांच्या दूध पिण्यात फारसा फरक दिसला नाही. विकर कमी असलेले बहुतेक जण साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, जेवणाबरोबर घेतले तर सहन करतात. उलट 'टीटी' माणसालाही जुलाबांनंतर किंवा सीलिअ‍ॅकसारख्या आजारात तात्पुरते दूध पचेनासे होते. जनुकाच्या चाचणीत हे दिसत नाही. लहान मुलाचा अहवाल तर आजच्या पोटाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही, कारण 'सीसी' मुलातही त्या वयात भरपूर विकर असू शकते. त्या धाकट्या मुलीचे दूध तोडायला काहीच आधार नव्हता, आणि याचे वाईट वाटते.

दुधाचाच संशय असेल तर आधी दोन आठवडे दूध थांबवून पाहावे, मग थोडे थोडे सुरू करून फरक नोंदवावा. तपासणीच हवी असेल तर डॉक्टरांना श्वासातील हायड्रोजनच्या चाचणीबद्दल विचारावे. उपाशीपोटी लॅक्टोजचे पाणी पाजून काही तास ठराविक अंतराने श्वास तपासतात. त्याआधीच्या चार आठवड्यांत प्रतिजैविके घेतली असतील तर ते सांगायला विसरू नये.

खाण्यातही सरसकट तोडातोड नको. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. दह्यातले जिवाणू त्याचा काही भाग स्वतःच फोडतात, ताक तर त्याहून पातळ. चक्क्यातून निवळीबरोबर बरेच लॅक्टोज निघून जाते. खव्यात मात्र ते आटून दाट होते, म्हणून पेढे जपून खावेत. देशी गायीचे 'ए-टू' दूध महाग असले तरी त्यात लॅक्टोज तेवढेच असते. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही मात्र दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे थोडे थोडे पिऊन पाहण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये.

वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप राहत असेल किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागत असेल, तर किट मागवण्यात दिवस घालवू नका. रेणापूरकरांना लातूर आणि अंबाजोगाई, दोन्हीकडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि शौचाची तपासणी आधी करून घ्या.