गुरुजी गेले, आता काय?

वाचावयाचा शास्त्रभाग : १ करिंथ ३:१-९

जो उपदेशक मन लावून शिकवितो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो व लेकरांस अक्षरओळख करून देतो, त्याजवर मंडळीचा जीव जडावा यात नवल नाही. पण पुढे त्याची बदली होते. मग कोणी उपासनेस येणे सोडितात; कोणी नव्या उपदेशकास म्हणतात, "आमच्या पहिल्या गुरुजींची सर तुम्हांस नाही." तेव्हा विचारावे लागते की, त्या मंडळीने धरिले होते कोणास?

करिंथ येथेही असेच तट पडले. कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे म्हणवू लागले. पौलाने आपल्या पक्षाच्या लोकांचीदेखील पाठ थोपटली नाही. त्याने शेताचा दाखला दिला : लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढविणारा देव. आपण शेतातली माणसे हे सहज जाणतो. पाणी द्यावयास आज हा गडी आला, उद्या तो आला, म्हणून ज्वारी गड्याची होत नाही, ती शेतधन्याचीच.

तर मग गुरूच नको काय? तसे नव्हे. मोठा वक्ता अपुल्लोस हाही प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्यापाशी शिकला (प्रे. कृत्ये १८). गुरू हवाच, मात्र त्याने शिष्यास प्रभूपाशी पोहोचवावे.

आपल्याच प्रांतातील उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंस लिहिण्यावाचण्याची गोडी त्यांनीच लाविली होती. तरी पतीने धर्म बदलला म्हणून त्या बदलल्या नाहीत. जातिभेद देवाने केला नाही, मनुष्याने केला, हे त्यांस स्वतः विचार करिता पटले, आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. तो ग्रंथ १९३८ साली, त्यांच्याही पश्चात, प्रसिद्ध झाला. गुरू गेला, पण काम थांबले नाही, कारण शिष्येचा विश्वास तिचा स्वतःचा होता.

आपल्या बीड जिल्ह्यात याची परीक्षा दरसाल होते. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस निघतात व कित्येक महिने कारखान्याच्या आवारी कोपीत राहतात. तेथे उपदेशक सोबत नसतो. ज्याचा विश्वास गुरुजींच्या तोंडाकडे पाहून चालतो, त्याचा दिवा तेथे विझतो. ज्याने वचन पाठ केले व स्वतः प्रार्थना करण्याची सवय लाविली, तो दिवसभर कोयता चालवूनही रात्री आपली लेकरे जवळ घेऊन उपासना करितो.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली, बिरुयाकरांप्रमाणे ऐकलेले शास्त्राशी ताडून पाहावे. दुसरी, गुरूचे उपकार त्याची शिकवण आचरून फेडावे. त्याच्या नावाने तट पाडून नव्हे. तिसरी उपदेशक बंधूंसाठी : आपल्या मागे उपासना चालवील असा एक तरी मनुष्य प्रत्येक गावी तयार करावा. आपण गेल्यावर मंडळी मोडली, तर आपण तिला आपल्यालाच बांधून ठेविले होते, असे समजावे.

प्रश्न : १. पौलाने शेताचा दाखला का दिला? २. लक्ष्मीबाईंचा विश्वास त्यांचा स्वतःचा होता, हे कशावरून दिसते? ३. उपदेशक महिनाभर आला नाही, तर आपल्या गावी उपासना कोण चालवील?