काट्याला चरबी कळत नाही



मागच्या बैठकीत हप्ते गोळा होता होता दोन जावांत जुंपली. थोरलीचा मुलगा गुटगुटीत, धाकटीचा किडकिडीत. दोघंही तीन वर्षांचे. "तुझ्याकडं खायला घालत नाहीत का?" असं थोरली बोलून गेली आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणवाडीच्या वहीत मात्र दोघांचं वजन सारखंच, 12 किलो. मग गुटगुटीत कोण आणि बारीक कोण?

वजनात हाड, मांस, पाणी, चरबी सगळं एकत्र येतं. काटा फक्त बेरीज सांगतो, कशाचं किती ते सांगत नाही. म्हणून ताईंनी दोघांची उंची घेतली. किडकिडीत पोरगा नऊ सेंटीमीटरने उंच निघाला, म्हणजे तेच वजन जास्त उंचीवर पसरलेलं. उंचीच्या मानाने तो मध्यम कुपोषणाच्या सीमेवर आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवं. पण गुटगुटीत दिसणाऱ्याची उंची वयाच्या मानाने कमी भरली. तोही खुंटलेलाच! गाल बघून कुणाला काही कळलं नसतं.

दुसरी रीत दंडाच्या पट्टीची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लाल, पिवळी, हिरवी पट्टी असते. 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 पिवळी. दंडात मांस आणि चरबी दोन्ही असतात, आणि उपाशी शरीर तेच वापरतं. पट्टी स्वस्त, झोळीत मावणारी. डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी लावायची. ओढून करकचायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. पण एक ध्यानात ठेवा, पट्टीत हिरवं आलेलं मूल उंची-वजनात कमी भरू शकतं आणि उलटंही होतं. दोन्ही मोजायचं ते त्याचसाठी.

आणि दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबून धरल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर पट्टी न् काटा दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते पाण्याचं वजन असतं. असं मूल भरलेलं दिसतं, पण असतं सगळ्यात धोक्यात.

नुसती चरबी मोजायची तर कॅलिपर नावाचा चिमटा लागतो. दंडाच्या मागची किंवा पाठीवर खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी बघतात. हात सरावाचा लागतो, दोन माणसांचे आकडे वेगळे येतात. काही काट्यांवर उभं राहिलं की अंगातून अगदी बारीक वीज जाते आणि चरबीचा आकडा येतो, पण पोरगं पाणी पिऊन आलं की नाही यावर तो हलतो. सगळ्यात नेमकं डेक्सा यंत्र, थोड्याशा क्ष-किरणांचं. ते मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असतं आणि आपल्याला रोजच्यासाठी त्याची गरजही नाही.

तरी चिमट्यानेच आपल्याकडची एक मोठी गोष्ट उघड केली. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993 पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक, मांस कमी. पण पाठीवरच्या घडीतली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला हडकुळं, आत चरबी राखून असलेलं बाळ. अशा मुलांना पुढे साखरेचा आजार लवकर गाठू शकतो. म्हणून "बारीक आहे, घाल वेफर न् बिस्किटं" हा उपाय नव्हे. त्याला डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे हवेत. मांस वाढलं पाहिजे, नुसती चरबी नाही.

शाळेतल्या मुलांसाठी किलोला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागतात, तोच बीएमआय. आठ वर्षांची मुलगी 24 किलो, उंची 1.2 मीटर, तर आकडा 16.7. मोठ्यांच्या 18.5 ने मोजलं तर ती हडकुळी ठरेल, पण तिच्या वयाला तो ठीक आहे. मुलांचा आकडा वयाच्या तक्त्याशीच ताडायचा. पोट सुटलंय असं वाटलं तर टेप घ्या. पाच वर्षांपुढे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, 120 सेंटीमीटर उंची असेल तर 60 च्या आत.

उंची घेताना चप्पल काढा, टाचा भिंतीला टेकवा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं ठेवूनच घ्यायची. या महिन्याच्या मोजमापाला धाकटीचं पोरगं आत्याच्या कडेवरून उतरायला तयार नव्हतं. शेवटी थोरलीनेच त्याचे पाय धरले आणि आकडा मोठ्याने वाचला.